डावीकडचं स्टिअरिंग

आमच्या माहेरी, रत्नागिरीकडे, आवडत्या गोष्टीला नावं ठेवायची रीत होती. वडिलांची सगळ्यात लाडकी म्हैस, तिला ते 'अवदसा' म्हणत. धाकटा भाऊ जन्मला तेव्हा आत्या त्याला मांडीवर घेऊन म्हणाली, "काय मेलं माकड दिसतंय," आणि आईचा चेहरा फुलला. चांगल्याला चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, हे एक कारण. दुसरं खरं कारण असं, की आम्हांला सरळ बोलताच येत नाही. ऐकणाऱ्याने ते उलटं करून घ्यायचं असतं, आणि आमच्याकडे सगळे घेतात.

लग्न झालं ते मात्र वऱ्हाडातल्या माणसाशी. तिकडे पोटात तेच ओठांत, आणि कानावर पडलं तेच खरं. जयपूरला बिऱ्हाड मांडल्यावर पहिल्याच आठवड्यात मी माहेरून आणलेल्या वालांचं बिरडं केलं. अर्धा दिवस सोलण्यात गेला होता. पानात वाढताना मी म्हटलं, "बिघडलंय मेलं." यांनी ते हलकेच पानाच्या कडेला सारलं आणि म्हणाले, "राहू दे मग. दह्यासोबत खातो मी." मी दोन दिवस अबोला धरला. का धरला, ते यांना कधीच कळलं नाही.

हे डॉक्टर होते. पन्नास सालानंतर चार-पाच वर्षांनी सरकारी रुग्णालयातल्या नोकरीवर जयपूरला आले, आणि पाठोपाठ मी. आम्ही खातीपुऱ्यात राहायचो. तेव्हा तिथे घरं कमी आणि बाभळी जास्त, पलीकडे लष्कराची वस्ती. रुग्णालयाचं काम पुरेसं नव्हतं म्हणून की काय, मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे उठून हे शहराच्या दुसऱ्या टोकापलीकडे कानोता गावाला जायचे आणि गावातल्या धर्मशाळेच्या ओट्यावर दुपारपर्यंत पेशंट तपासायचे. त्यासाठी यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी पिकअप उचलली. महायुद्धात कुठल्याशा परदेशी फौजेने वापरून टाकून दिलेली. मागे उघडा हौदा, त्यावर ताडपत्री, दोन बाजूंना दोन बाकं. औषधांची खोकी घेऊन जायची आणि येताना जो पेशंट फारच अडला असेल त्याला रुग्णालयात आणायचं.

तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं.

ज्यांनी गाडी चालवली नाही त्यांना यात काय मोठंसं, असं वाटेल. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या अंगाने जायचं, आणि तुम्ही बसलेलेही डावीकडेच. पुढे उंटगाडा आला, की त्याच्या पलीकडून समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. ओलांडून जायचं तर देवाचं नाव घेऊन जायचं. यांना देवाचं नाव घेणं जमत नसे. एकदा घाट की गूणीपासून, म्हणजे शहराबाहेरच्या घाटापासून, थेट कानोत्यापर्यंत हे एका कडब्याच्या उंटगाड्यामागून गेले. पेशंट ओट्यावर वाट पाहून घरी गेले होते. मग एक ड्रायव्हर ठेवला. तो तिसऱ्या दिवशी किल्ली ठेवून गेला. "उल्टी गाड़ी है साहब, हमसे नहीं होगा," एवढंच म्हणाला.

लष्करी वस्तीत साताऱ्याकडचे एक सुभेदार होते. मराठी बोलायला माणूस हवं म्हणून रविवारी आमच्याकडे चहाला यायचे. असली गाडी त्यांनी फौजेत हाकली होती. ते यांना शिकवायला लागले आणि दोन रविवारांत हात टेकले. मी ओसरीवर उभी राहून हसत होते. सुभेदार माझ्याकडे वळून म्हणाले, "वैनी, हसताय काय, तुमीच या की."

मी पदर खोचून गेले. सुभेदारांनी मला गाडी शिकवली ती कवायत शिकवावी तशी. चुकलं की ओरडायचे नाहीत, फक्त "पुन्यांदा" म्हणायचे. महिनाभरात मला यायला लागली. मंगळवार-शुक्रवारचं सारथ्य माझ्याकडे आलं, ते पुढची आठ वर्षं. मुलगी झाली तेवढे काही महिने गेले असतील मधे. ती थोडी मोठी झाल्यावर शेजारच्या सरदारीण बाई तिला सांभाळायच्या आणि मी पुन्हा चाकामागे.

आता ओलांडून जाण्याचं काय, तर त्याची तोड आपोआप निघाली. हे माझ्या उजवीकडे बसायचे. तिथून समोरचा रस्ता दिसायचा. पुढे गाडा आला की मी वेग कमी करायची आणि थांबायची. हे मान बाहेर काढून बघायचे. रस्ता मोकळा असला की म्हणायचे, "हं." नसला तर, "अंहं." 'हं' म्हटल्याबरोबर मी गाडी उजवीकडे घालायची, समोर काय आहे ते मला दिसत नसताना. एवढाच आमचा व्यवहार. मी वळून बघायची नाही आणि हे दुसऱ्यांदा सांगायचे नाहीत. आठ वर्षांत एकदाही चूक झाली नाही.

खरं सांगते, तशी सुखी मी आधी नव्हते आणि नंतरही झाले नाही. जयपूरला आल्यापासून मला माहेरची सय छळायची. हवा कोरडी, ओठ फुटायचे, भाषा अवघडायची. मासळी बाजारातून यायची ती सुद्धा शिळी, डोळे खोल गेलेली. पण शहर मागे पडलं, घाटातली वळणं उतरून गाडी सपाटीला लागली, दोन्ही अंगांना बाजरी आणि वर मोर, की त्या रस्त्यावर मला रत्नागिरी आठवायची नाही. घरी हे कधी माझ्या वाट्याला आले नाहीत. आले तर पेशंटचे कागद हातात घेऊन. गाडीत कागद वाचता यायचे नाहीत, रस्ता बघावा लागायचा. खातीपुऱ्यापासून कानोत्यापर्यंत हा माणूस माझ्यासाठी रस्ता बघत असे. आता मी ऐंशीच्या पुढे आहे, हे जाऊनही बरीच वर्षं झाली. मुलीच्या गाडीत मागे बसून कुठे जाताना पुढे एखादा ट्रक आडवा आला, की माझा जीव अजून उजवीकडच्या माणसाच्या आवाजाची वाट बघतो. तो येत नाही. मुलगी आपली ओलांडून जाते.

हे सगळं मनात. तोंडाने काय, तर घरी आल्यावर किल्ली टेबलावर आपटायची आणि म्हणायचं, "कंबरडं मोडलं मेल्या खटाऱ्याने." रेडिएटर तापून वाफा आल्या की, "जळ्ळं मेलं लक्षण." सुभेदारांसमोर तर चेव यायचा. "हातांना घट्टे पडले बघा, डॉक्टरांची बायको म्हणून कुणी ओळखणार नाही मला." हे कावरेबावरे व्हायचे. मला वाटायचं, कळतंय यांना. इतक्या वर्षांत माझं बोलणं उलटं करून घ्यायला शिकले असतील.

गाडी मात्र खरंच थकत चालली होती. थंडीत इंजिन सुरू करायला हँडल मारून मारून दंड भरून यायचे. ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढायची. दुसऱ्या गिअरला उतारावर पकड राहायची नाही, दांडा आपोआप सुटून यायचा. मी तो डाव्या हाताने चाक धरून उजव्या गुडघ्याने दाबून ठेवायला शिकले होते. हे सगळं मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच मला वाटत नव्हतं. घरातलं एखादं दार अमुक ठिकाणी उचलून लावायचं असतं, ते आपण पाहुण्याला कुठे सांगत बसतो.

एका शुक्रवारी कानोत्याहून परतताना मागे हौद्यात एक अडलेली बाई होती, तिची सासू होती. घाटात उतार लागला. यांनी सहज खाली बघितलं आणि माझा गुडघा त्यांना दिसला.

"हे काय करून राहिली तू?"

"गिअर सुटतो."

"केव्हापासून?"

"झाली असतील दोन वर्षं."

बाई रुग्णालयात सुखरूप पोचली, सुखरूप बाळंत झाली, तो प्रश्नच नव्हता. पण दुसऱ्या दिवशी हे मला आणि गाडीला घेऊन घाट दरवाजाजवळच्या मिस्त्रीकडे गेले.

तिथे म्हातारे उस्ताद होते, दाढी मेंदीने रंगवलेली. यांनी त्यांना लक्षणं सांगितली, अगदी पेशंटची सांगावी तशी, कधीपासून, किती वेळा, कशाने वाढतं. उस्ताद गाडीत बसले आणि गल्लीतून एक चक्कर मारायला निघाले. ब्रेक दाबल्यावर गाडी भिंतीला घासता घासता वाचली. दुसरा गिअर पडला तसा सुटला. गाडी आचके देत बंद पडली, ती ढकलत आणली. मग त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः यांच्या जागी बसले. मी नेहमीसारखी नेली आणि नेहमीसारखी आणली. कुठेही अडली नाही.

उस्ताद उतरले, हात पुसले आणि यांना म्हणाले, "डॉक्टर साहब, गाड़ी नहीं चल रही. बहनजी चला रही हैं."

मला वाटलं, झालं, गाडीला माझाच हात हवा हे सिद्ध झालं. पण हे तर पांढरेफटक पडले होते.

उस्तादांनी दोन रस्ते सांगितले. एक, गाडी त्यांच्याकडे तीन महिने ठेवायची. इंजिन उघडायचं, गिअरबॉक्स बदलायची, पुढच्या स्प्रिंगांच्या कमानी नव्या घालायच्या, सुटे भाग आग्र्याच्या जुन्या बाजारातून शोधून आणायचे. मग आणखी पाच वर्षं बघायला नको. "बनाऊँगा तो ईमान से बनाऊँगा," म्हणाले. दुसरा रस्ता, ही मोडीत काढायची आणि नवी घ्यायची. नवी म्हणजे देशात बनणारी पिकअप, उजवीकडच्या स्टिअरिंगची, जी कुठलाही ड्रायव्हर चालवू शकेल. यांच्या कानोत्याच्या दवाखान्याला गाडी आणि ड्रायव्हर द्यायला शहरातलं एक धर्मादाय मंडळ केव्हापासून तयार होतं. हेच आजवर नको म्हणत आले होते.

रविवारी दुपारी चहा झाल्यावर यांनी मला समोर बसवलं. असं कधी बसवत नसत.

"तू सांग," म्हणाले. "दुरुस्त करायची का नवी आणायची. मले दोन्ही चालते. आठ वर्षं तू हाकलली, तूच ठरव."

एक वाक्य बोलायचं होतं. 'दुरुस्त करा, मला ती हवी आहे.' आमच्या घराण्यात असं वाक्य कुणी उच्चारलेलं मी ऐकलेलं नाही. घशाशी आलं आणि तिथेच फिरलं. इतकं मनापासून हवं असलेलं बोलून दाखवायचं म्हणजे कुणापुढे उघडं पडण्यासारखंच. मी कपबश्या उचलता उचलता म्हटलं, "जळ्ळा मेला तो खटारा. द्या कुणालातरी आणि मोकळे व्हा."

माझ्या वडिलांना हे वाक्य ऐकवलं असतं तर त्यांनी संध्याकाळच्या आत गाडी दुरुस्तीला नेली असती.

हे म्हणाले, "बरं." सोमवारी सकाळी मंडळाला पत्र गेलं.

नवी गाडी यायला दीड महिना लागणार होता. म्हणजे बोलायला मला दीड महिना होता. रोज ठरवायची, आज सांगू. मग वाटायचं, मी का सांगू. आठ वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला कळू नये? शब्दांनी जमेना तेव्हा मी हातांनी सांगायला गेले. गाडी आतून-बाहेरून धुतली. सीटचं फाटकं रेक्झिन काढून जाड सांगानेरी छापाच्या कापडाची नवी खोळ शिवली, दुहेरी शिवण घालून. मुलगी तेव्हा सहा-सात वर्षांची, शाळेत हिंदी बोलणारी. माझ्याजवळ बसून बघत होती. तिने विचारलं, "आई, हिला नवीन कपडे कशाला? मतलब, ती तर जाणार आहे ना?"

मी म्हटलं, "सुईत दोरा ओव."

यांनी संध्याकाळी खोळ बघितली. हात फिरवला. "हे बेस केलं तू," म्हणाले. "घेणाऱ्याच्या नजरेत भरेल." मी आत जाऊन कणीक इतकी मळली की पोळ्यांना रबरासारखा चिवटपणा आला.

सुभेदारांना मात्र कळलं. ते रविवारी आले, फाटकातच गाडीकडे बघत उभे राहिले, आणि हे आत आहेत याची खात्री करून हळूच म्हणाले, "वैनी, गाडी काढताय म्हनं."

"जाऊ दे मेली."

"डाक्टरास्नी मी बोलू का? मानूस सरळ हाय. सांगितल्याबिगर त्येला कळायचं न्हाई."

किती सोपं होतं. मी फक्त मान हलवायची होती, माझ्या तोंडून शब्दही जायला नको होता. पण माझ्या नवऱ्याला माझं मन दुसऱ्याने समजावून सांगायचं, हे मला सहन होईना. मी म्हटलं, "काही नको. तुम्ही बसा, चहा टाकते." सुभेदार बसले, चहा प्यायले आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. त्या माणसाला मी तेव्हा गप्प केलं याचा राग मला अजून येतो, माझाच.

शेवटचा शुक्रवार उजाडला. कानोत्याच्या बायांनी गाडीला नमस्कार केला, एकीने बोनेटवर कुंकू लावलं. परत निघालो. सपाटीवर पुढे एक उंटगाडा आला, वर भुशाची पोती. मी वेग कमी केला. यांनी मान बाहेर काढली.

"हं," म्हणाले.

मी गेले नाही.

"हं," पुन्हा म्हणाले. आठ वर्षांत पहिल्यांदा दोनदा म्हणाले. "रस्ता खाली आहे. जा ना."

मी गाड्याच्या मागेच राहिले. उंट आपल्या चालीने चालला होता, त्याच्या पायांची धूळ आमच्या काचेवर येत होती. मी पहिल्या गिअरमध्ये त्याच्या मागून चालले. मला माहीत होतं, की एकदा ओलांडून गेले की रस्ता संपायला लागेल. आत्ता हे विचारतील, असं वाटत होतं. का थांबलीस म्हणून विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, त्या क्षणी नक्की सांगितलं असतं, सरळ वऱ्हाडी माणसासारखं सांगितलं असतं.

यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "थकली का?" म्हणाले, इतक्या मायेने, की खरं सांगायचं राहूनच गेलं. मी मान डोलावली. घाट येईपर्यंत आम्ही त्या गाड्यामागून गेलो.

पुढच्या मंगळवारी नवी गाडी दाराशी उभी राहिली. निळी, चकचकीत, किल्ली फिरवली की लगेच सुरू. ड्रायव्हर खाकी कपड्यातला, अदबीचा माणूस. त्याने औषधांची खोकी चढवली, यांच्यासाठी दार उघडलं आणि ओसरीवर मी उभी होते तिकडे बघून विचारलं, "बाईजी भी चलेंगी, साहब?" पुढे तिघांना बसता येईल अशी ऐसपैस सीट होती.

हे म्हणाले, "नहीं भाई. इन्होंने आठ साल बहुत सहा है. अब आराम करने दो." मग पायऱ्या चढून माझ्यापाशी आले. त्यांच्या तोंडावर असा आनंद होता, की तो मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. बायकोसाठी आपण काहीतरी केलं, मनाविरुद्ध मंडळाची गाडी घेतली, पण हिला सोडवलं, हे सगळं त्यात होतं. ते म्हणाले, "सुटली आता तू."

मी पदराला हात पुसले आणि म्हटलं, "सुटले बाई एकदाची."

या माणसाने माझा एकही शब्द कधी खोटा मानला नव्हता. हाही मानला नाही.